प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात रुळवण्यासाठी ‘इंडक्शन’च्या पलीकडे नेमके काय करावे?

प्रश्न – गणिताचा अध्यापक, अभियांत्रिकी महाविद्यालय, पुणे जिल्हा

आमच्या महाविद्यालयात यंदा प्रथम वर्षाच्या पालक-शिक्षक योजनेचे, म्हणजे एकेका शिक्षकाने काही विद्यार्थ्यांची पालकाप्रमाणे काळजी घेण्याच्या योजनेचे, समन्वयन माझ्याकडे आले आहे. महाविद्यालय खासगी व विनाअनुदानित असून निम्म्याहून अधिक विद्यार्थी जिल्ह्याबाहेरून, त्यातही खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ येथून येतात. काही वसतिगृहात राहतात, तर बरेच जण आसपासच्या सोसायट्यांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे देऊन. एका पालक-शिक्षकाकडे साधारण वीस विद्यार्थी दिलेले असतात.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नवागतांच्या ओळख-कार्यक्रमाचा, म्हणजे ‘इंडक्शन’चा, मूळ आराखडा ३ आठवड्यांचा आहे आणि त्यात शारीरिक व्यायाम, कला, मानवी मूल्ये, परिसरभेटी, शाखेची ओळख असे बरेच काही सुचवलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने मार्गदर्शिका काढली. कागदावर हे सर्व उत्तमच आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे हा कार्यक्रम आठवडाभरात आटोपला जातो आणि त्या आठवड्यात मुले सभागृहात बसून एकामागून एक भाषणे ऐकतात. प्राचार्य, ग्रंथपाल, परीक्षा विभाग, प्लेसमेंट विभाग, उद्योगातील पाहुणे अशी ती रांग असते. चौथ्या दिवशी मुलांना आमची नावेसुद्धा आठवत नाहीत.

त्याहून मोठी अडचण प्रवेशप्रक्रियेची आहे. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) फेऱ्या लांबतात, शेवटच्या फेरीतील आणि त्यानंतर संस्थास्तरावर प्रवेश घेणारी मुले येईपर्यंत इंडक्शन संपलेले असते आणि गणिताचा पहिला घटकही अर्धाअधिक शिकवून झालेला असतो. मनासारखी शाखा न मिळाल्याने उशिरा, काहीशा नाराजीने आलेली हीच मुले पुढे अधिक अडखळतात, असे माझे निरीक्षण आहे.

पालक-शिक्षकांच्या बैठकाही नियमाप्रमाणे होतात. “काही अडचण आहे का?” असे विचारले की वीसही जण “नाही सर” म्हणतात, नोंदवहीत सह्या होतात, आणि दिवाळीनंतर त्यांतील पाच-सहा नावे डिफॉल्टर (हजेरी कमी असलेल्यांच्या) यादीत दिसू लागतात. अडचण नव्हती असे नाही. ती आमच्यापर्यंत पोहोचली नाही, एवढेच. आणखी भाषणांचा सल्ला मला नको आहे. शिक्षकांचा वेळ मर्यादित आहे, हे गृहीत धरून पहिल्या सत्रात कोणत्या गोष्टी, कोणत्या वेळी कराव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, गणित

आपण विद्यार्थ्यांच्या ‘रुळण्या’विषयी बोलतो तेव्हा घराची आठवण, मैत्री, मोठे शहर यांचाच विचार आधी करतो. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु माझ्या मते पहिल्या सत्रात मूल खचते ते बहुतेक वेळा अभ्यासामुळे, आणि बाकीची दुःखे त्या खचण्यावर येऊन बसतात. म्हणून आधी अभ्यासाचे बोलतो.

आज प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी बहुधा एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन येतो. १५० प्रश्न, २०० गुण, ३ तास, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्याआधीची दोन वर्षे त्याने क्लासशी जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरती काढलेली असतात, त्यामुळे तास, प्रात्यक्षिक, स्वतः लिहिलेले जर्नल यांपैकी कशाचाही त्याला सराव नसतो. वेळापत्रक क्लासने ठरवायचे, चाचणी क्लासने घ्यायची, गुण पालकांच्या मोबाइलवर क्लासनेच पाठवायचे. अशा मुलाला आपण एकदम अडीच तासांत ७० गुणांचा लेखी पेपर सोडवायला सांगतो आणि वर्षभराचे नियोजन त्याच्यावर सोपवतो.

पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका नीट पाहिली तर हे सारे डोळ्यांना दिसते. रोलच्या प्रमेयावरचा प्रश्न असतो. मुलाने फलनाचे विकलन बरोबर केलेले असते, पानाच्या उजव्या कडेला बरोबर किंमतही लिहिलेली असते, पण फलन त्या अंतरालात संतत आहे, विकलनीय आहे आणि दोन्ही टोकांना त्याची किंमत समान आहे, ही तीन वाक्ये कुठेच नसतात. त्याला ५ पैकी २ गुण मिळतात. उत्तर बरोबर असून गुण का गेले, हे त्याला कळत नाही, आणि विचारायचे कोणाला हेही कळत नाही. बारावीला ज्याला गणितात नव्वदच्या घरात गुण होते, तो या एका प्रसंगातून “आपल्याला इंजिनिअरिंग झेपणार नाही” अशा निष्कर्षाला येतो. असे निष्कर्ष मुले फार लवकर काढतात आणि कोणाला सांगत नाहीत.

यावर मला उपयोगी वाटलेला उपाय अगदी साधा आहे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एकच प्रश्न लेखी सोडवायला द्यावा, त्याचे गुण कुठेही धरू नयेत, दोन दिवसांत तो तपासावा आणि परत देताना प्रत्येकाशी दोन-तीन मिनिटे बोलावे. “शंका असलेल्यांनी भेटावे” असे सांगितले की शंका नसलेलेच येतात. त्याऐवजी हजेरी क्रमांकाने पाच-पाच जणांना बोलवावे, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत जाणे ही दुबळेपणाची कबुली ठरत नाही, सर्वांनाच जावे लागते.

वेळेच्या प्रश्नावर एक सुचवतो. पालक-शिक्षकाचा गट आणि प्रात्यक्षिकाची बॅच एकच ठेवा. वीस मुलांची बॅच दर आठवड्याला दोन तास प्रयोगशाळेत त्या शिक्षकासमोर असतेच. निराळी बैठक बोलवावी लागत नाही, आणि मुलगा हातातले काम करता करता जे बोलतो ते खुर्चीवर समोर बसवून विचारल्यास बोलत नाही. वेळापत्रक लावणारी मंडळी सुरुवातीला कुरकुर करतील, ती करू द्यावी.

उशिरा आलेल्यांसाठी प्रवेशाची अंतिम मुदत संपल्यावर वेगळा अर्धा दिवस ठेवावा. त्यात भाषणे नकोत; झालेल्या घटकांच्या टिपणांच्या झेरॉक्स, प्रत्येक विषयशिक्षकाची पाच मिनिटांची भेट आणि बॅचमधील एक जोडीदार, एवढे पुरेसे आहे. सायंकाळी ५ नंतरचे ब्रिज कोर्स (राहिलेला भाग भरून काढणारे जादा वर्ग) मात्र टाळा. त्या वेळी मुलांना मेस, बस आणि झोप यांशिवाय काही दिसत नाही.

शिकवण्याच्या माध्यमाविषयी वाद फार होतात, म्हणून थोडक्यात सांगतो: मराठीत समजावून सांगावे आणि फळ्यावर इंग्रजीत लिहावे. परीक्षा इंग्रजीत द्यायची आहे, तेव्हा लेखनाचा सराव इंग्रजीतच हवा. पण समजण्याच्या टप्प्यावरच मुलाला अडवून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

उत्तर – रेक्टर, मुलांचे वसतिगृह

वरील उत्तरातील अभ्यासाचा मुद्दा मान्य आहे. परंतु मूल अभ्यासात मागे पडल्याचे शिक्षकांना कळते त्याच्या बरेच आधी ते वसतिगृहात दिसू लागलेले असते. माझ्या अनुभवाने सर्वांत बोलका कागद म्हणजे मेसच्या खाड्यांची वही. एखाद्याचे सकाळच्या जेवणाचे खाडे सलग पडू लागले, तर तो दुपारपर्यंत झोपून आहे, म्हणजेच तासांना जात नाही. रात्रीचे खाडे पडू लागले, तर तो चारचौघांत येऊन बसायचे टाळतो आहे, किंवा त्याच्याकडे मेसचे पुढचे पैसे नाहीत. दर शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी जाणारा आणि सोमवारी दुपारी उगवणारा मुलगा हाही लक्ष ठेवण्याजोगा. या तिन्ही गोष्टी आमच्या वहीत असतात आणि हजेरीच्या पटावर त्यांचा परिणाम दिसायला महिना लागतो. तेव्हा पालक-शिक्षकांनी आठवड्यातून एकदा रेक्टरला फोन करण्याची पद्धत पाडावी. निराळे सॉफ्टवेअर लागत नाही.

रॅगिंगविरोधी नियमांकडे आपण प्रतिज्ञापत्रे भरून घेण्यापुरते पाहतो, पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम सावकाश वाचले तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांत आहे. नवागतांचे लहान गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा, त्या शिक्षकाने गटातील प्रत्येकाशी रोज बोलावे, त्या संवादाची दैनंदिनी ठेवावी, वसतिगृहाच्या वॉर्डनशी समन्वय राखावा आणि खोल्यांना अचानक भेटी द्याव्यात, असे त्यांत म्हटले आहे. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांचे निनावी सर्वेक्षण करावे, हेही आहे. रोज प्रत्येकाशी बोलणे जमणार नाही, हे मलाही कळते. पण निनावी सर्वेक्षण सहज जमते आणि फार थोड्या ठिकाणी होते. अर्ध्या पानावर चार प्रश्न छापायचे आणि कागद घडी घालून पेटीत टाकायला सांगायचे. “काही अडचण आहे का?” याला वीस जणांसमोर “नाही सर” म्हणणारा मुलगा कागदावर वेगळे लिहितो.

नवागतांची सोय शक्यतो स्वतंत्र इमारतीत करावी, असेही ते विनियम सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की चांगल्या सीनियरांचा आधारही त्यामुळे तुटतो. सीनियरांना अभ्यासिकेत, ठरावीक वेळेत आणि आमच्या डोळ्यांसमोर भेटू देणे, हा आम्ही काढलेला मध्यममार्ग आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे, त्यात २ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करावयाची असते; हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे, आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते हेही सांगावे. आता त्रास खोलीत कमी आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर अधिक होतो, तेव्हा सीनियरांनी प्रथम वर्षाचे गट काढून त्यांवर हुकूम सोडणे हेसुद्धा त्यातच मोडते, असे नावानिशी समजावून द्यावे.

घराची ओढ सर्वांत जास्त गणपतीनंतर लागते. पहिले काही आठवडे नवलाईत जातात, मुले गणपतीला घरी जाऊन येतात आणि परतल्यावर त्यांना करमत नाही. त्या आठवड्यात आम्ही मुद्दाम खोल्याखोल्यांतून फिरतो. मनाचा त्रास अधिक वाटला, तर समुपदेशकाकडे नेतोच. रात्री-अपरात्रीसाठी शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावला आहे, तिथे मराठीतून बोलता येते.

खरी काळजी मला माझ्या वसतिगृहातल्या मुलांची वाटत नाही, कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची वाटते. त्यांच्या खाड्यांची वही कोणाकडे नसते. पालक-शिक्षकांनी सुरुवातीलाच त्यांची वेगळी यादी करावी आणि घरमालकाचा नव्हे, एका खोलीतील सोबत्याचा क्रमांक घेऊन ठेवावा.

उत्तर – तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, संगणक अभियांत्रिकी, मूळ धुळे जिल्हा

येथे सर्व शिक्षक बोलत आहेत, म्हणून विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते. रेक्टर सरांनी ज्या विनियमांचा उल्लेख केला, त्यांत विद्यार्थी-मार्गदर्शकांविषयीही लिहिले आहे: सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक, आणि असे सहा मार्गदर्शक मिळून त्यांच्यावर एक वरचा मार्गदर्शक. आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी ही पद्धत सुरू झाली आणि मी त्यात काम करते.

शिक्षकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी की नव्या मुलांना पहिल्या महिन्यात मोठे प्रश्न पडत नाहीत, छोटे पडतात, आणि ते इतके छोटे असतात की शिक्षकांना विचारायची लाज वाटते. टर्म वर्कचे गुण कशावर देतात? जर्नलवर सही राहिली तर काय होते? के.टी. लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष वाया जाते का? ड्रॉइंगसाठी लागणारा मिनी ड्राफ्टर नवा घ्यायचा की सेकंड इयरच्या कोणाकडून अर्ध्या किमतीत मिळतो? ड्रॉइंग शीट कोणत्या बाजूने चिकटवायची? वर्गात बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात का? सभागृहातील कोणत्याही भाषणात यांची उत्तरे मिळत नाहीत, आणि ज्यांचे भाऊ-बहीण इंजिनिअर आहेत त्यांना ती घरीच मिळालेली असतात. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलीला मात्र पुण्याच्या मुलींना सगळे ठाऊक आहे आणि आपल्यालाच काही येत नाही, असे वाटत राहते.

इंडक्शनमध्ये एक प्रकार आहे, तो बंद करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रत्येकाला मंचावर बोलावून माइकवरून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला लावतात. हेतू भीती घालवण्याचा असेल, पण मी पाहिले आहे की एखादीचे “माय फादर इज फार्मर” म्हणताना अडखळणे, किंवा मराठी बोलतानाही उमटणारा अहिराणीचा हेल ऐकून मागच्या रांगेत हसू फुटते, आणि ती मुलगी पुढचे दोन महिने वर्गात तोंड उघडत नाही. चार-चार जणांचे गट करून त्यांना मिळून महाविद्यालयाचा नकाशा काढायला सांगितला, ग्रंथालय, झेरॉक्स, परीक्षा विभाग, मुलींची कॉमन रूम शोधायला पाठवले, तर ओळखीही होतात आणि कोणाला हसायला निमित्त मिळत नाही. आम्ही तसेच करतो.

मार्गदर्शक निवडताना सर्वांत जास्त गुणांची मुले निवडण्याचा मोह शिक्षकांना होतो. तो कृपया आवरावा. प्रथम वर्षात एखादी के.टी. लागून ती सोडवलेली मुले या कामाला अधिक चांगली ठरतात, कारण घाबरलेल्या मुलाला “एम-वन (गणिताचा पहिला पेपर) राहिला तरी पुढे जाता येते, मी गेलो” हे सांगणारा माणूस समोर दिसावा लागतो. गटातील सहापैकी किमान दोघे मार्गदर्शकाच्या भागातले असावेत, पण सगळे एकाच जिल्ह्याचे नसावेत. नाहीतर गट म्हणजे त्या तालुक्याचे मंडळ होऊन बसते.

रेक्टर सरांच्या एका मुद्द्याला मात्र जोड हवी. वसतिगृहातील माहिती शिक्षकांकडे जाणार असेल, तर ती तिथून थेट घरी जाता कामा नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत, “हजेरी कमी आहे” असा एक फोन गावी गेला की शिक्षण थांबवण्याची भाषा सुरू होते. पहिल्या वेळी मुलीशीच बोलावे, दुसऱ्या वेळी तिला विचारून घरी कळवावे. जिवाला धोका आहे असे वाटले तर गोष्ट अर्थातच वेगळी.

उत्तर – लिपिक, शिष्यवृत्ती विभाग

पैशांचा उल्लेख वर ओझरता आला आहे. मी त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या खिडकीवर जे दिसते ते वर्गात दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये वर्गातून गायब झालेला मुलगा अनेकदा अभ्यासाला कंटाळलेला नसतो, तर खोलीच्या भाड्यासाठी कुठे तरी रात्रपाळीला जात असतो.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जात सर्वांत जास्त मुले अडकतात ती दोन ठिकाणी. एक, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा वडिलांनी काढून दिलेल्या वेगळ्याच खात्याशी जोडलेले असते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि मुलगा भलतेच पासबुक तपासत बसतो. दोन, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या तारखा. हे काम गावच्या सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये होते, म्हणून गणपतीला घरी जाण्यापूर्वीच प्रत्येकाच्या हातात राहिलेल्या कागदांची यादी द्यावी. दिवाळीपर्यंत थांबले तर उशीर होतो.

योजनांची माहितीही पालक-शिक्षकांना असावी. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत शिकणाऱ्यांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेली आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. येथे एक गैरसमज नेहमी होतो: ही माफी शुल्काची आहे, मेस आणि खोलीचा खर्च त्यात येत नाही, आणि “मुलीला सगळे फुकट” असे समजून आलेल्या पालकांची पहिल्याच महिन्यात पंचाईत होते. प्रवेशाच्या वेळीच हे स्पष्ट सांगावे.

पुण्यापुरते बोलायचे तर डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते; तिच्या प्रवेशाची चौकशी मुलांनी वेळेत करावी. कमवा व शिका योजनेत महाविद्यालयातच काम मिळाले, तर रात्रपाळी टळते. या योजनेची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील १९४७ च्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयापर्यंत मागे जाते, पण अभियांत्रिकीच्या मुलांना ती आपल्यासाठी नाही असेच वाटते. ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोजचे दोन-तीन तास काम करण्यात कमीपणा नाही, हे शिक्षकांनी सांगितले तर मुले ऐकतात. आम्ही सांगितले तर ऐकत नाहीत.

उत्तर – प्राध्यापिका, कला व वाणिज्य महाविद्यालय, लातूर जिल्हा

चर्चा अभियांत्रिकीची आहे हे मान्य, तरीही एक बाजू मांडते. आमच्याकडे वसतिगृह नाही, खाड्यांची वही नाही आणि बहुतेक मुले एसटीने येऊन-जाऊन शिकतात. बी.ए. प्रथम वर्षाच्या मुलीला नव्या शैक्षणिक धोरणामुळे प्रवेशाच्या दिवशीच मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतील ऐच्छिक), कौशल्याचे विषय यांची निवड करावी लागते, आणि खिडकीवरील रांगेत उभी राहून ती शेजारणीचेच विषय लिहून देते. सत्र सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे विषय बदलण्याची मुभा ठेवून, त्या काळात विषयशिक्षकांनी एक-एक तास आपला विषय समजावून सांगितला, तर निम्म्या अडचणी मिटतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरे असे की येथे सुचवलेल्या बहुतेक गोष्टी दुपारनंतरच्या आहेत. आमच्या मुलींची गावाकडची गाडी दुपारीच असते आणि ती चुकली तर थेट संध्याकाळची. त्यामुळे पालक-शिक्षकाची भेट आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मध्ये ठेवतो. हजेरी घेताना मुलींच्या नावापुढे गाडीची वेळही लिहिलेली असली, की रोज शेवटच्या तासाला उठून जाणारी मुलगी बेशिस्त आहे, असा ग्रह होत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. प्रात्यक्षिकाची बॅच हाच पालक-शिक्षकाचा गट, ही सूचना वेळापत्रक समितीकडे आजच दिली असून उशिरा आलेल्यांसाठी अर्धा दिवस ठेवण्यास प्राचार्यांची तत्त्वतः संमती आहे. मंचावरील इंग्रजी परिचय रद्द करण्याबाबत सहकाऱ्यांत मतभेद आहेत, पण किमान तो ऐच्छिक करता येईल. एक शंका उरते. विनियमांप्रमाणे शिक्षकाने संवादाची दैनंदिनी ठेवायची, आणि विद्यार्थिनीने वर लिहिल्याप्रमाणे मुलांनी विश्वासाने सांगितलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही. मग दैनंदिनीत लिहावे तरी काय?

उत्तर – रेक्टर, मुलांचे वसतिगृह

तारीख, भेट झाल्याची नोंद आणि पुढे काय करायचे, एवढेच लिहावे. कारण लिहू नये. “२ तारखेला भेट; शिष्यवृत्ती विभागात पाठवले; ९ तारखेला पुन्हा भेटणे” ही नोंद पुरेशी असते. वडिलांचे आजारपण, घरातील भांडण, प्रेमप्रकरण यांतले काहीही वहीत नको, कारण समितीने मागितली तर ती वही दाखवावी लागते आणि कार्यालयातील कपाटाची किल्ली अनेकांकडे असते. रॅगिंगची तक्रार मात्र याला अपवाद आहे. ती मुलाच्या शब्दांत, वेळ व ठिकाण यांसह त्याच दिवशी लेखी घेऊन प्राचार्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. ७ दिवसांची मुदत तक्रार मिळाल्यापासून मोजली जाते.